उरलेल्या दहा गोळ्या

त्या सोमवारी सात वर्षांच्या एका मुलीची किरणोपचाराची एकविसावी बैठक होती. तिची गाठ डीआयपीजी प्रकारची, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या पॉन्स या भागातली होती. निरोगी चेतातंतूंमध्ये ती पसरत गेलेली असल्याने शस्त्रक्रियेने काढणे शक्य नसते, म्हणून १.८ ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचे एकक) ३० बैठका, एकूण ५४ ग्रे, हाच प्रस्थापित उपचार. त्याच्या जोडीला किरणोपचाराच्या दिवशी एक गोळी देऊन मुलांना त्या औषधाची किती मात्रा सोसते हे पाहणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ती होती, आणि त्या चाचणीची देखरेख माझ्याकडे होती.

आई-वडील आनंदात होते. महिन्यापूर्वी भिंतीला धरून चालणारी मुलगी त्या दिवशी कोणाचाही हात न धरता आली, डोळ्याचा तिरळेपणाही कमी झाला होता. "गोळीचा गुण आला, डॉक्टर," वडील म्हणाले. या गाठीत नुसत्या किरणांनीही बहुतेक मुलांना काही महिने असाच आराम पडतो, हे मी संमतिपत्राच्या वेळी सांगितले होते. पण धास्तावलेल्या माणसाच्या कानांवर तेव्हा काय काय पडत असेल, याची मला शंकाच आहे.

आधी किरण देताना डोके स्थिर ठेवणाऱ्या मास्कने अडवले. मेंदूची सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे तिचे गाल इतके भरले होते की पहिल्या आठवड्यात बेतलेली मास्कची थर्मोप्लास्टिकची (उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकची) जाळी मिटेना. ओढून बसवली असती तर डोके काही मिलिमीटर सरकले असते, आणि मस्तिष्कस्तंभाजवळ तेवढी चूक परवडत नाही. तंत्रज्ञांनी नवी जाळी गरम पाण्यात मऊ करून तिच्या चेहऱ्यावर अलगद दाबली. ती थंड होऊन कडक होईपर्यंत मुलगी आईचे बोट घट्ट धरून पडून राहिली.

तेवढ्यात रक्ताचा अहवाल आला. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट फक्त २२ हजार, फारच कमी. मेंदूपुरत्या किरणांनी त्या एवढ्या घसरत नाहीत. संशय गोळीवरच होता. याच मात्रेवर आधी एका मुलाला असाच त्रास झाला होता, आणि आमच्या आराखड्यानुसार सहा मुलांपर्यंतच्या गटात दोघांना असा त्रास झाला की ती मात्रा झेपण्यापलीकडची ठरते. म्हणजे तिची गोळी बंद होणार होती, आणि त्या मात्रेवर पुढे कोणालाही घेता येणार नव्हते.

"जिने चालायला लावले तीच काढून घेता?" वडिलांनी विचारले. चालणे किरणांचे असू शकते आणि गोळीचा वाटा एका मुलीवरून कळत नाही, हे मी पुन्हा सांगितले; किरणोपचार मात्र चालूच राहील, हेही सांगितले. ते काही बोलले नाहीत.

दुपारी प्लेटलेट चढवल्या, संध्याकाळी नव्या मास्कमध्ये बैठक झाली. निघताना आईने गोळ्यांची डबी माझ्यासमोर ठेवली. चाचणीत उरलेले औषध मोजून परत घ्यावे लागते. तीसपैकी दहा उरल्या होत्या, आणि त्यांच्या वहीत वीस दिवसांवर खुणा होत्या.