मुदत संपलेल्या पुस्तकांना कुलूप कशाला?

अमळनेर तालुक्यातल्या एका ‘क’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचं काम मी बघते. हल्ली वाचक एकच विचारतात, “ताई, हाई पुस्तक मोबाईलवर भेटी का?”

डिजिटल ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर पुष्कळदा सापडतं. यादीत नाव असतं, मुखपृष्ठही दिसतं. पुढे गेलं की संस्थेचा ईमेल मागतात. कापूस वेचून बाहेरून बी.ए. करणाऱ्या मुलीकडे तो कुठून येणार?

हयात लेखकांच्या पुस्तकांबद्दल मी बोलत नाही. ती विकतच घ्यावीत, त्यांचं पोट त्यावर आहे. पण कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरच्या हक्काची (कॉपीराइटची) मुदत संपते. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यांनी हयातीत छापलेलं सगळं २०११ पासून सर्वांचं झालं. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या पश्चात, १९५२ साली पुस्तकरूपानं आली, म्हणून तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची. तीही २०१३ पासून मोकळी आहेत.

स्कॅनिंगला पैसा आणि माणसं लागतात, हे खरंच आहे. जीर्ण पान उलटतानाच तुटतं, फार जपून काम करावं लागतं. त्यासाठी सरकारनं अनुदान द्यावं, आम्ही गावातून वर्गणी काढू. वाचकाला दारात अडवून तो खर्च कसा निघेल? दुसरी भीती जुन्या मंडळींची: कुणीही उचलेल आणि स्वतःच्या नावावर छापेल. अहो, मूळ प्रत सगळ्यांसमोर असली तरच असा चोर पकडला जातो.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या वाड्यांतली दप्तरं त्यांनी मिळवली आणि छापली. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड निघाले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले. कपाटात दडवायला त्यांनी ती पायपीट केली नव्हती. असे कागद ज्या घरांतून आले, तिथल्या पणतवंडांना ते वाचायला आज ओळखपत्र लागावं, हे मला मुळीच पटत नाही.

मुदत संपलेलं प्रत्येक स्कॅन लॉगिनशिवाय उघडलं पाहिजे आणि पूर्ण उतरवून घेता आलं पाहिजे. पडद्यावर एकेक पान दाखवून भागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, मागोमाग नेटही जातं. फाइल एकदा हाती आली, की ज्याला हवी त्याला मी पेनड्राइव्हवर देईन, आजीबाईंना मोठ्या अक्षरात छापून देईन.