पी०१७१ : फ्युएल ट्रिम वाचून गळतीपर्यंत

माझ्या पेट्रोल हॅचबॅकचा चेक इंजिन दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला, म्हणजे बँक १ (सिलिंडरांचा पहिला गट) मधील मिश्रण लीन, हवेच्या मानाने इंधन कमी. ओळखीच्या मिस्त्रींनी ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला दिला, तर सोसायटीतील काहींनी ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलकडे बोट दाखवले. दोन्ही शक्यता विचारात घेण्याजोग्या होत्या. मात्र हा कोड एवढेच सांगतो की मिश्रण जुळवण्यासाठी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, इंधन मर्यादेपलीकडे वाढवावे लागत आहे. ते का वाढवावे लागते, हे आपणच शोधायचे असते.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष पकडला त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद, लिहून घ्यावी, असा माझा सर्वांना आग्रह आहे, कारण कोडबरोबर तीही पुसली जाते. माझ्या फ्रेममध्ये वेग शून्य, ७४० आरपीएम आणि कूलंट ९३ अंश अशी नोंद होती. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेले असताना आणि गाडी सिग्नलला उभी असताना दोष पकडला गेला होता. मग पार्किंगमध्येच थेट आकडे पाहिले. ट्रिम म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली टक्केवारीतील वाढ किंवा घट; शॉर्ट टर्म ती त्या क्षणाची, लाँग टर्म शिकून टिकवलेली. आयडलला लाँग टर्म ट्रिम +१७ आणि शॉर्ट टर्म +७, अशी बेरीज +२४ टक्के येत होती आणि २५०० आरपीएमला हीच बेरीज +५ पर्यंत उतरत होती.

या फरकातच निदान दडलेले आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने इंजिनात जाणारी एकूण हवा थोडी असते आणि आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरला चुकवून आत शिरणाऱ्या हवेचा वाटा त्यात मोठा ठरतो. आरपीएम वाढले की मोजलेली हवा कितीतरी पटींनी वाढते आणि गळतीचा वाटा नगण्य होतो. ई-२० ला शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग हवा लागते, त्यामुळे त्याने ट्रिम वर सरकते हे खरे, पण ती आयडलला आणि २५०० ला जवळपास सारखीच सरकते. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर लोड वाढेल तशी ट्रिम चढली असती. ती शंका फेडण्यासाठी मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर एका वेगाने गाडी चालवली आणि शेजारी बसलेल्या भावाने आकडे वाचले; ट्रिम चढली नाही. ज्या गाड्यांत केवळ मॅप (मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा) सेन्सर असतो, त्यांत मात्र गळतीमुळे लीन कोडपेक्षा चढलेला आयडल दिसण्याची शक्यता अधिक, हे ध्यानात ठेवावे.

गळती शोधण्यासाठी ज्वलनशील स्प्रे मारण्याची पद्धत मी टाळतो, कारण तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो पेट घेऊ शकतो. त्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली एकेक रबरी नळी, फॅनबेल्टपासून हात दूर ठेवून, कापड गुंडाळलेल्या पकडीने अलगद दाबत गेलो. पीसीव्हीची (क्रँककेसमधील वाफा इनटेकमध्ये परत नेणारी) नळी दाबताच शॉर्ट टर्म ट्रिम काही सेकंदांत +७ वरून −१२ वर आली. ऋण आकड्याने गोंधळून जाऊ नये; लाँग टर्मचे +१७ अजून लागू होते आणि दोन्ही मिळून +५ च होत होते, म्हणजे २५०० आरपीएमचाच आकडा. नळी काढून पाहिली तेव्हा तिच्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला, वरून मुळीच न दिसणारी, नखभर लांबीची चीर सापडली. उष्णता आणि ऑइलच्या वाफा यांनी तेथील रबर कडक झाले होते, आणि नळी वाकवली की चीर उघडत होती.

ऑपेरा हाऊसच्या बाजारातून साच्यातील वळणाचीच नवी नळी आणली. सरळ नळी वाकवून बसवल्यास ती कोपऱ्यात दबते, आणि पाण्यासाठीची साधी नळी ऑइलच्या वाफेने फुगते, म्हणून येथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

कोड मुद्दाम पुसला नाही. लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकलमध्ये दोष आढळला नाही, तर दिवा आपोआप विझतो, आणि तसा तो विझला आहे. आता आयडल आणि २५०० आरपीएम, दोन्हीकडे बेरीज +५ च्या आसपास स्थिर आहे. हे उरलेले +५ ई-२० चे असावेत असे माझे मत आहे, तरी मास एअर फ्लो सेन्सरमधील हवा मोजणाऱ्या तारेवर साचलेली धूळही असाच परिणाम करू शकते. म्हणून आता तो सेन्सर त्याच्याच क्लीनरने धुऊन पुन्हा आकडे घेणार आहे.