आमची वाटचाल : नाट्यगीतांच्या शेजारी जे डिला

पुण्यात आम्ही रेकॉर्डचं दुकान सुरू केलं तेव्हा माल सगळा जुन्या बाजारातला, नाहीतर वाडे रिकामे करणाऱ्यांकडचा. नाट्यगीतं, भावगीतं, थोडं सिनेसंगीत. हिप-हॉप दुकानात आणलं ते माझ्या पुतण्यानं. तो घरी बीट (गाण्याखालचं ठेका-संगीत) बनवायचा आणि सारखं एकच नाव घ्यायचा, जे डिला.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या या हिप-हॉप संगीत-निर्मात्याची 'रफ ड्राफ्ट' ही ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) २००३ सालची. एमसीए या बड्या कंपनीसाठी केलेला त्याचा अल्बम रखडला होता (तो 'द डायरी' या नावानं थेट २०१६ मध्ये आला). डिला वाट बघत बसला नाही. त्यानं भराभर ही छोटी रेकॉर्ड केली आणि ममी रेकॉर्ड्स या स्वतःच्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) काढली. वितरण जर्मनीतल्या ग्रूव्ह अटॅकचं. आवाज मुद्दाम खरबरीत, कॅसेटवरून उतरवल्यासारखा. ड्रम मशीनमध्ये ठोका आपोआप मात्रेवर बसवायची सोय असते. तरी तो काही ठोके मुद्दाम मात्रेपासून थोडे सरकवायचा, त्यामुळे ठेका किंचित मागे रेलतो. आमचे एक जुने गिऱ्हाईक तबला शिकवतात. त्यांनी एक अख्खी बाजू उभ्यानंच ऐकली आणि म्हणाले, "परत लावा बरं, सम धरू दे मला."

१० फेब्रुवारी २००६ ला डिला गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या स्टोन्स थ्रो या लेबलनं 'रफ ड्राफ्ट' पुन्हा काढली. अप्रकाशित गाणी घातली आणि शब्दांशिवायची नुसती बीट्सही दिली. आमच्याकडे आली ती हीच आवृत्ती.

रीइश्यू, म्हणजे अशी पुन्हा काढलेली रेकॉर्ड, म्हटलं की काही संग्राहक नाक मुरडतात. मला ते अजिबात पटत नाही. पहिली आवृत्ती मोजक्या लोकांच्या कपाटात, आणि तिची किंमत शिकणाऱ्या पोराच्या आवाक्याबाहेर. पुतण्या बीट उलगडायला शिकला तो या नुसत्या बीट्सवर. गायकाचा आवाज बाजूला झाला की खालचं सगळं काम उघडं पडतं.

तेव्हापासून रीइश्यूंना आमच्याकडे स्वतंत्र कप्पा आहे. प्रत्येक रेकॉर्डसोबत चिठ्ठी जाते : पहिली आवृत्ती की नंतरची, लेबल कोणतं, साल कोणतं. ही माहिती दिल्याशिवाय आम्ही काहीही विकत नाही, मग ती नाट्यगीतांची तबकडी का असेना. परदेशी मालावर पोस्ट आणि कस्टम ड्युटी जबर बसते, म्हणून मागण्या साठवून एकदम मागवतो. गिऱ्हाईक थांबतात. कोल्हापूर-नाशिकची पोरं तर आगाऊ पैसे पाठवून थांबतात, याचं मला फार अप्रूप आहे.

यंदा पहिल्यांदाच स्वतःचं काही काढतोय, पुतण्याची ईपी. नुसती बीट्स पहिल्याच आवृत्तीत असतील.