फलाटावर खांब कुठे उतरणार?

जुन्या स्टेशनावर टोलेजंग इमारत होणार अशी बातमी आली की सोबत एक चित्र छापून येतं. काचेचा मनोरा, खाली झाडं, लखलखीत फलाट, तुरळक प्रवासी. त्या चित्रात खांब बहुधा दिसत नाहीत. मनोऱ्याचं वजन कुठून तरी जमिनीत जायलाच हवं आणि जमिनीवर तर रूळ आहेत. या कामातला उशीर, भांडणं आणि वाढीव खर्च बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

‘वाशीला, बेलापूरला स्टेशनावर इमारती आहेतच की, सीवूड्सला तर मॉल आहे,’ असं कोणीही म्हणेल. खरं आहे. पण मानखुर्द–वाशी गाडी सुरू झाली १९९२ साली. नवी मुंबईच्या त्या मार्गांचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. खालचं स्टेशन आणि वरचं बांधकाम यांचा विचार एकत्र करता आला. सीवूड्सचा मॉल नंतर आला, पण आजूबाजूला ऐसपैस मोकळी जमीन होती. १८५३ पासून गाडी थांबणाऱ्या ठाण्यासारख्या ठिकाणी ही चैन नाही. तिथे रूळ आधीचे आणि खांब नंतर आलेले पाहुणे. पाहुण्याने कुठे बसायचं ते घर ठरवतं.

आकडे मांडून पाहू. दोन फलाटांच्या मध्ये दोन मार्ग आहेत असं धरा. नव्या कामात दोन मार्गांच्या मध्यांमधलं अंतर ५.३ मीटर. मार्गाच्या मध्यापासून फलाटाची कड १.६७ मीटर. कडेपासून खांबापर्यंत गर्दीला चालायला निदान ३ मीटर हवेत. म्हणजे खांब ते खांब साधारण १४.६ मीटर. वरच्या ऑफिसांना सोयीची खांबांची चौकट मात्र ८-९ मीटरची असते. ९ बाय ९ च्या चौकोनाला चौरस मीटरमागे सव्वा टन धरला, तर एका मजल्याचे शंभर टन आणि चाळीस मजल्यांचे चार हजार टन एका खांबावर येतात. हा खांब नेमका रुळाच्या डोक्यावर उतरतो, म्हणून त्याचं वजन आडवं नेऊन फलाटावरच्या खांबांवर टाकायला ट्रान्सफर गर्डर लागतात. खोली तीन-चार मीटर, कधी कधी अख्ख्या मजल्याएवढी. एवढं पोलाद खर्चायचं नसेल, तर मनोऱ्याचा गाभा, म्हणजे लिफ्ट-जिन्यांचा भाग, रुळांच्या बाहेर पार्किंगच्या बाजूला सरकवावा आणि रुळांवर फक्त बसका पोडियम, म्हणजे मनोऱ्याच्या पायथ्याची ठेंगणी पसरट इमारत, ठेवावा. चित्र थोडं वाकडं दिसतं, पण काम होतं.

उंचीचंही तेच. खाली २५ केव्हीची ओव्हरहेड वायर. रुळाच्या माथ्यापासून सव्वासहा मीटर मोकळे धरून चालावं. त्यावर सव्वा मीटर जाडीचा डेक, म्हणजे रुळांवरचा स्लॅब, धरला तर वरच्या हॉलची फरशी साडेसात मीटरवर जाते. फलाट रुळापासून जेमतेम ०.८४ मीटर उंच, म्हणजे प्रवाशाने ६.६ मीटर चढायचं: १५ सेंटिमीटरची एक, अशा ४४ पायऱ्या. ट्रान्सफर गर्डर या हॉलच्या खाली घेतले तर ४४ च्या साठ-सत्तर होतात. म्हणून गर्डर हॉलच्या वरच हवेत. आर्किटेक्टला ते आवडत नाही, कारण हॉलची उंची जाते. गुडघेदुखीवाल्या प्रवाशाला विचारलं तर तो गर्डर वरच ठेवायला सांगेल.

आता धडक. रुळावरून घसरलेला डबा खांबावर आपटला तर काय, याचा हिशेब युरोपीय संहितेत आकड्यांत दिलेला आहे. मार्गाच्या मध्यापासून ३ ते ५ मीटरच्या आतल्या खांबाला रुळाच्या दिशेने ४,००० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४०० टन, आणि आडवे १,५०० किलोन्यूटन. जोर १.८ मीटर उंचीवर धरायचा. आपल्या आधीच्या हिशेबातला खांब मध्यापासून ४.६७ मीटरवर (१.६७ अधिक ३) आहे, म्हणजे बरोबर या नियमात सापडतो. त्यामुळे सडपातळ खांबांचा विचार सोडून द्यावा. भरीव, जाड काँक्रीट किंवा लांबट भिंत, आणि एक खांब गेला तरी वरचं टिकेल अशी जोडणी.

पाया हा सगळ्यात वेळखाऊ भाग. खाडीकाठच्या पट्ट्यात वर भराव, खाली खाडीचा मऊ गाळ, मग मुरूम, मग काळा कातळ. पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, कातळात रुतवल्याशिवाय एवढं वजन झेपत नाही. हातोड्याने ठोकायचे पाइल चालू रुळाशेजारी नकोत. भोक पाडूनच भरायचे, आणि रुळांवर मोजणीचे प्रिझम लावून रोज मिलिमीटरमध्ये नजर ठेवायची. फलाटाच्या छपराखाली भोक पाडणारी मोठी रिग उभी राहत नाही, ठेंगणी रिग आणावी लागते. मग केसिंगचे (भोक ढासळू न देणाऱ्या पोलादी नळीचे) आणि सळ्यांच्या पिंजऱ्याचे तुकडे करायचे आणि कपलरने जोडत उतरवायचे. प्रत्येक जोडाला वेळ जातो.

आणि वेळच तर नसतो. उपनगरी मार्गावर शेवटची लोकल आणि पहाटेची पहिली यांत तीनेक तास मिळतात. त्यात लाइन ब्लॉक (गाड्या बंद), मग पॉवर ब्लॉक (वीज बंद), वायर बंद झाल्याची खात्री, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग, परवान्यावर सही, तेव्हा कुठे मशीन हलतं. शेवटी हेच सगळं उलट क्रमाने, वर रुळावर काही पडलं नाही ना याची पाहणी. हाती उरतात दीड ते दोन तास. एवढ्यात पाइल भरून होणार नसेल तर काँक्रीट सुरूच करू नये. अर्धवट भरलेला पाइल बाद होतो, भोक मात्र केसिंग ठेवून दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकतं. ट्रान्झिट मिक्सर वाहतुकीत अडकेल हे गृहीत धरून काँक्रीट उशिरा घट्ट होईल असं रसायन घालून घ्यावं. मेगाब्लॉकचे रविवार गर्डर चढवण्यासाठी राखून ठेवायचे, पायासाठी उधळायचे नाहीत.

खणण्याआधी हाताने खड्डे घेऊन केबल शोधाव्यात. जुन्या स्टेशनात नकाशा एक सांगतो आणि जमीन दुसरंच. सिग्नलची केबल तुटली की सिग्नल लाल होतो (ते सुरक्षिततेसाठीच आहे), आणि सकाळच्या गर्दीत अख्खी लाइन उभी राहते.

पहिला डेक पडला की रुळांवर छत मिळतं आणि वरचं काम दिवसा करता येतं. सगळी घाई या टप्प्यापर्यंत. बोस्टनच्या १८९९ च्या साउथ स्टेशनावर ५१ मजली मनोरा चढवला तोही असाच, खाली गाड्या चालू ठेवून. तिथल्या उपनगरी गाड्या डिझेलच्या, त्यामुळे डेकखालच्या धुराचा वेगळा बंदोबस्त करावा लागतो. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाल्याने ती डोकेदुखी आपल्याकडे कमी. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलमध्येही रुळांवरची जागा विकण्याची कल्पना जमली ती वाफेची इंजिनं जाऊन वीज आल्यावरच.

क्रेन निवडताना किनाऱ्याचा वारा लक्षात घ्यावा. टॉवर क्रेनचा हात वादळात बांधून ठेवत नाहीत, वाऱ्यासोबत फिरू देतात. आडव्या हाताची क्रेन असेल तर तो हात रुळांवर येणारच. हात उचलून आखडता घेता येणारी लफिंग क्रेन महाग पडते, पण २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते पाहिलेल्या किनाऱ्यावर हे पैसे वाचवू नयेत.

गाड्यांची थरथर वर घरात जाऊ नये म्हणून खांबांच्या माथ्यावर रबर-पोलादाचे बेअरिंग बसवतात. ते फसतात बहुधा क्षुल्लक कारणाने: फटीत राहिलेली शटरिंगची फळी, सांडलेलं काँक्रीट, नाहीतर फट ओलांडून गेलेला ताठ पाइप. तेवढा एक पूल मिळाला की थरथर वर पोचते.

काम चालू असताना जिने बंद करण्याबद्दल एकच: पर्यायी जिना आधी उघडायचा, जुना मग बंद करायचा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पाऊस आणि गर्दी एकत्र आल्यावर झालेली चेंगराचेंगरी सगळ्यांना माहीत आहे.

पावसाचा हिशेब डेकसाठीही करावा. ५,००० चौरस मीटरच्या पोडियमवर तासाला १०० मिलिमीटर पडला तर ५०० घनमीटर पाणी होतं. ते फलाटावरच्या खांबांच्या पोटातून उतरवलं आणि पाइप तुंबला तर पाणी रुळांत जातं, रुळावर गाडी आहे का ते सिग्नलला कळवणारं ट्रॅक सर्किट बिघडतं, गाड्या थांबतात. पाइप खांबाबाहेर, साफ करता येतील असे हवेत.

खारी हवा मात्र वेगळ्याच जागी घात करते. उघड्यावरचं पोलाद पावसाने वर्षातून चार महिने धुऊन निघतं. डेकच्या पोटाला पाऊस लागत नाही, तिथे मीठ आणि ब्रेकची लोखंडी धूळ साचत राहते, आणि गंज तिथेच आधी धरतो. काँक्रीटला किनाऱ्यावर निदान एम ३० (मजबुतीची श्रेणी) आणि सळ्यांवर काँक्रीटचं ४५ मिलिमीटर कव्हर हे भारतीय मानक सांगतंच. खाऱ्या तुषारांत असेल तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. गर्डरला मात्र रंग पुन्हा पुन्हा द्यावा लागणार. गर्डर आणि त्याखालच्या छताची पट्टी यांच्यात माणूस सरपटत जाईल एवढी जागा आणि चालायची जाळी आधीच ठेवली नाही, तर प्रत्येक रंगकामासाठी रात्रीचा ब्लॉक मागावा लागतो.