घानाचे शेंगदाणा सूप: तेल वर येईपर्यंत

घानामध्ये ‘न्कातेन्क्वान’ या नावाने ओळखले जाणारे शेंगदाण्याचे सूप मी गेले काही महिने घरी करत आहे, आणि त्याची बरीचशी चव दाण्यांचा लगदा किती वेळ आणि किती धीराने शिजवला यावर ठरते, हे आता मी खात्रीने सांगू शकते. पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतून पश्चिम आफ्रिकेत पोहोचलेला भुईमूग तिथे इतका रुळला, याचे एक कारण मला असे वाटते: बांबारा नावाचे, जमिनीखालीच शेंगा धरणारे कडधान्य तिथे आधीपासून पिकत होते, त्यामुळे असे पीक तिथे नवे नव्हते.

एक किलो कोंबडीला मी पाव किलो दाणे घेते. ते मंद आचेवर सारखे हलवत खमंग भाजायचे, साले पाखडून टाकायची आणि पाण्याचा थेंबही न घालता मिक्सरमध्ये थांबत थांबत वाटायचे. आधी कूट होते, मग त्याचा घट्ट गोळा भांड्याच्या कडेला चिकटतो, आणि कडा खरवडून वाटत राहिले की दाण्यांतले तेल सुटून चमच्यावरून सलग धारेने पडणारा लगदा तयार होतो. इथे घाई केली तर सूप शेवटपर्यंत रवाळ राहते. विकतचे पीनट बटर वापरायचे असेल, तर ते बिनसाखरेचेच हवे.

कोंबडी शक्यतो हाडांसकट आणि गावरान घ्यावी. घानातही अशा सुपासाठी चिवट मांसाची, जून कोंबडी पसंत केली जाते, कारण ती दीर्घ उकळीत टिकते आणि रस देते. तुकड्यांना वाटलेला कांदा, आले, लसूण, मिरची आणि मीठ चोळून, झाकण ठेवून, पाणी न घालता ती अंगच्या रसातच पंधरा मिनिटे वाफवावी. त्यानंतर दीड लिटर पाणी घालून त्यात चार टोमॅटो, एक कांदा आणि मिरच्या अख्ख्याच सोडाव्यात, मऊ झाल्यावर बाहेर काढून वाटाव्यात आणि गाळून पुन्हा रश्शात मिसळाव्यात. ही पद्धत मला फार आवडते, कारण भाज्यांचा अर्क रश्शात आधीच उतरतो आणि बियांची कचकच मागे राहत नाही.

वाटलेल्या टोमॅटोपैकी थोडा भाग मी रश्शात मिसळण्याआधीच बाजूला ठेवते आणि दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात लगद्याबरोबर अगदी मंद आचेवर परतते. मिश्रण आधी आळून घट्ट होते, लाकडी उलथन्याला जड लागते, आणि काही वेळाने कडेने तांबूस तेल पाझरू लागते. दाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेलच असते. ते असे सुटेपर्यंत परतल्याने कच्चा वास पूर्ण जातो. मग गरम रस्सा पळी-पळीने घालत मिश्रण सैल करायचे, कोंबडीच्या पातेल्यात ओतायचे आणि बूड लागू न देता पाऊण तास तरी उकळायचे. आपली उपासाची दाण्याची आमटी उकळी आली की उतरवतात. इथे मात्र पृष्ठभागावर तेलाचा तवंग येईपर्यंत थांबावे लागते.

मिरचीचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही. तिथली ‘क्पाक्पो शितो’ ही लहान, गोलसर मिरची तिखटाबरोबर स्वतःचा वेगळा सुवास देते. आपली लवंगी मिरची तिखटपणा पुरवते, पण तो सुवास देत नाही. तिथे या सूपमध्ये पुष्कळदा धुरावलेले मासेही घालतात. उन्हात वाळवलेल्या खाऱ्या माशाने ती धुराची चव येत नाही, म्हणून मी ते घालत नाही.

सोबतीला कसावा आणि कच्ची केळी कांडून केलेला फुफू किंवा ‘ओमो तुओ’ हे भाताचे गोळे असतात. ओमो तुओसाठी चिकट होणारा इंद्रायणी तांदूळ उत्तम जमतो: जास्त पाण्यात गाळ शिजवून, गरम असतानाच लाकडी डावाने घोटून, ओल्या वाटीत फिरवून गोळे करावेत. गोळा मधोमध ठेवून भोवती सूप वाढायचे असल्याने ते पळीवरून सहज ओघळेल इतके पातळ ठेवावे. सेनेगलचा माफे हा शेंगदाण्याचाच रस्सा याहून दाट असतो. उरलेले सूप दुसऱ्या दिवशी बरेच आळते, तेव्हा त्यात कढत पाणी घालून पुन्हा मंद आचेवर तवंग येईपर्यंत तापवावे.