अंगठा येत नाही

आई पडली ती घरातच. पहाटे न्हाणीत पाय सरकला. दिवस ऐन कापूस वेचणीचे, वर्धा नदीच्या काठचं आमचं गाव तेव्हा दिवसभर रिकामं असतं. तरी १०८ वेळेत आली. तालुक्याला एक्स-रे झाला, खुब्याचं हाड मोडलेलं निघालं आणि दिवेलागणीला आम्ही जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, या वयात हे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत झालेलं बरं, पडून राहिलं की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात. आमचं झालं सातव्या दिवशी. मधले दिवस अंगठ्याने खाल्ले.

तिथे खाट फुकट, गोळ्या-सलाईन फुकट, पण खुब्यात बसवायचा बॉल योजनेतून यायचा. योजनेला कार्ड हवं आणि कार्डाला ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. ७० वर्षांवरच्या कुणालाही २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं. वय आधारवर बघतात. आईच्या आधारवर १ जानेवारी १९५२, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. तिचा स्वतःचा हिशेब वेगळा, बहात्तरच्या दुष्काळात दादा मांडीवर होता. दोन्ही हिशेबांनी ती सत्तरीपार, म्हणून मला वाटलं काम दहा मिनिटांचं.

खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "पेशंट इथं आणा, मशीन वर येत नाही." आईच्या पायाला चिकटपट्टी आणि दोरी बांधून खाटेच्या टोकाला दोन विटा लटकवलेल्या. वजन म्हणून तिथे विटाच लावतात. त्या सोडायच्या, चौघांनी चादरीसकट तिला स्ट्रेचरवर घ्यायचं, लिफ्टची वाट बघायची, खिडकीपाशी न्यायचं. ती ओठ दाबून सहन करायची. मग अंगठा. लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल दिवा. दहाही बोटं झाली. ओल्या फडक्याने पुसली, खोबरेल तेल लावलं, परत पुसली. पन्नास वर्षं निंदण आणि वेचणी केलेल्या बोटांवर रेषा कुठून राहणार? बोंडाच्या टोकांनी चिरलेली ताजी कातडी तेवढी होती. आई मलाच विचारते, "माह्या अंगठ्याले काय झालं बाई, मी जितीच हाय ना?"

"अंगठा येत नाही, उद्या बघू." हे मी तीन दिवस ऐकलं आणि तिन्ही दिवस आईला स्ट्रेचरवरून खाली नेलं. ओटीपीचा मार्ग होता, पण आधारला जोडलेला नंबर भावाच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद पडलेलं. भाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणे, तक्रार कर. कोणाकडे, ते त्याला विचारायचं नाही. मी खिडकीवर आवाज चढवला, त्याचा उपयोग शून्य झाला. आयुष्मानच्या मदतीच्या नंबरवर, १४५५५ वर, फोन लावला असता तर बरं झालं असतं, पण तो नंबर वॉर्डाच्या भिंतीवर होता आणि मी वॉर्डात टेकतच नव्हते.

सुटका केली शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या नातवाने. म्हणाला, "ताई, चेहऱ्यानं पण होते ना!" आयुष्मानचं अ‍ॅप आणि चेहऱ्यावरून ओळख पटवणारं आधारचं फेस आरडी अ‍ॅप त्याच्याच मोबाइलमध्ये होतं. खिडकीवरच्या मुलाला हे माहीत नसेल असं मला आजही वाटत नाही. आईचा पदर मागे सारला, चष्मा काढला, खाट उजेडाकडे फिरवली. स्क्रीनवर आलं, डोळ्यांची उघडझाप करा. आई मात्र ताठ. डोळे वटारून मोबाइलकडे बघतेय.

"माय, डोळे मिट ना!"

"फोटूत डोये झाकाचे नसतेत बाई."

पाचव्यांदा मिटले एकदाचे. हिरवी खूण आली. वॉर्डातल्या खाटेवर, विटा लटकलेल्या असताना. मी तिथेच स्टुलावर बसून रडले, राग जास्त होता त्यात.

पुढचं चटकन झालं. बॉल आला, ऑपरेशन झालं, बाराव्या दिवशी आमच्याच उपकेंद्रातल्या सिस्टरने टाके काढले. १०८ घरी सोडायला येत नाही, तेव्हा गाडीचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

घरी आल्यावर खरी अडचण माणसाची. वेचणीत मजुरी सोडून म्हातारीपाशी कोण बसेल? वहिनी रात्री, मी दिवसा, दुपारी दोन तास शेजारची काकू, असं दीड महिना निभावलं. कुशीवर वळवताना दोन्ही गुडघ्यांत उशी हवीच. खाली बसणं, मांडी, उकिडवं सगळं बंद. बाज खोलगट आणि बुटकी, म्हणून लाकडी पलंग विटांवर चढवला. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून खाली बादली ठेवली. वॉकर विकत घेतला. त्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना एकदा ३,००० रुपये मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर. हे मला वॉकर आणल्यावर कळलं.

आणि हो, आईबापाच्या आधारला चालू नंबर आजच जोडा, ते धडधाकट आहेत तोवर. पडल्यावर केंद्रापर्यंत कसं नेणार?

परवा रेशनच्या ई-केवायसीला आई वॉकर टेकत दुकानापर्यंत चालत गेली. अंगठा अर्थात आलाच नाही. दुकानदाराने मोबाइल समोर धरला. तो काही बोलायच्या आत तिने पदर मागे केला, चष्मा माझ्या हातात दिला आणि तीनदा डोळे मिटून दाखवले.