बाकाचा कोन मोजता, हाडांचं काय?

स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकणं, असलेल्या मुलीचा कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) दोन अंशांनी वाढलेला दिसला की घरातल्यांची झोप उडते. (मोजण्यातच पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो, हे आधी लक्षात घ्या.) पण तिची हाडं किती भरलेली आहेत, हे क्वचितच कुणी विचारतं. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या अभ्यासांत अशा तीन मुलींमागे साधारण एकीच्या हाडांची घनता कमी आढळली. घनता कमी असलेल्यांचा बाक वाढण्याची शक्यताही जास्त दिसली. कॅल्शियमने बाक सरळ होत नाही. मात्र उंची झपाट्याने वाढते त्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या हाडांचा सुमारे चौथा हिस्सा तयार होतो, आणि ब्रेसही (बाक वाढू नये म्हणून धडावर घालायचा कडक पट्टा) बहुधा तेव्हाच लागतो.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020च्या शिफारशीनुसार 13 ते 15 वयात रोज 1000 मिग्रॅ कॅल्शियम हवं. 200 मिलिलिटर दुधातून साधारण 240 मिळतं, 50 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून 180च्या आसपास. दोन पेले दूध, एक भाकरी, वाटीभर दही एवढ्यातच बराच पल्ला गाठता येतो. पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम फारसं शोषलं जात नाही. ब्रेस पोटावर दाबतो म्हणून मुली कमी जेवतात. त्यांना थोडं थोडं, पण चार-पाच वेळा खायला द्या. वजन घटून पाळी थांबली तर लगेच डॉक्टरांना सांगा, कारण इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं झिजतात.

गोळी दिली असेल तर लेबल नीट वाचा. 1250 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्षात 500 मिग्रॅ कॅल्शियम. ती जेवणासोबत घ्यावी. लोहाची गोळी दोन तास सोडून. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा, सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच असते. चुकून रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडांनाही इजा होते.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली तर तरुण प्रौढांशी तुलना करणारा टी-स्कोअर नव्हे, त्याच वयाच्या मुलींशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहायचा. मणके पिळलेले असल्याने कमरेच्या मणक्यांच्या घनतेचा आकडा फसवा ठरू शकतो. बाकामुळे उंचीही कमी भरते, म्हणून उंचीच्या जागी दोन्ही हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी मोजून घ्यावी.

पोहणं चांगलंच, पण हाडं भरायला वजनाचा धक्का हवा, तो पाण्यात मिळत नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर ब्रेस काढून दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो खेळू द्या. ब्रेस 18 तास घालायचा असेल तरी सहा तास उरतातच.